पणजोबांच्या फेट्यातला पांढरा रंग

प्रश्न : नमस्कार, मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात पणजोबांचं फेटा बांधलेलं ऑईल पेंटिंग आहे, मागं कॅनव्हासवर १९१२ लिहिलंय पण सही कुठंच नाही. मोठे काका म्हणतात आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी काढलंय. एकजण विकत मागतोय, तो म्हणतोय आधी मशीनवर रंग तपासू. रंगावरनं चित्रकार कळतो का, आणि त्यासाठी चित्र कापतात का? आई म्हणते त्याआधी बटाट्यानं पुसून घे, पुसू का?

उत्तर : बटाटा अजिबात नको ताई! त्यातलं पाणी तडकलेल्या रंगात मुरतं, स्टार्च वर राहतो आणि मग त्यावर बुरशी, आपल्याकडचा पावसाळा माहितीय ना.

आता रंगाचं. कापाकापी नाही, एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र असतं, त्यातनं एक्स-रे मारले की रंगातली मूलद्रव्यं कळतात, शिसं, जस्त, तांबं, पारा असं. जुना पांढरा म्हणजे शिशाचा नाहीतर जस्ताचा, टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला १९२० च्या आसपास. म्हणजे मूळ रंगातच टायटॅनियम निघालं तर १९१२ खोटं. बनावट चित्रं काढून विकणारा जर्मनीतला बेल्त्राकी २०१० ला असाच अडकला, १९१४ चं म्हणून खपवलेल्या चित्रात टायटॅनियम सापडलं, बिचाऱ्यानं ट्यूब जस्ताच्या पांढऱ्याची म्हणून घेतली होती आणि आत भेसळ, लेबलवर उल्लेखच नाही!

पण गंमत पुढं आहे. समजा फेट्यावर टायटॅनियम सापडलं, तर लगेच बनावट म्हणू नका, साठ-सत्तर साली कुणी पेंटरनं पोपडे गेलेल्या जागी हात फिरवला असेल तरी तेच दिसणार. म्हणून एकाच ठिकाणी मशीन लावून निकाल देणाऱ्याला सरळ नाही म्हणा, चेहरा, फेटा, पार्श्वभूमी, कडा असं सगळीकडं बघायला लावा. शिवाय मशीनला खालचे थरही एकदमच दिसतात, त्यामुळं शिसं निघालं तरी ते वरच्या रंगाचं की कॅनव्हासला आधी दिलेल्या अस्तराचं हे तेवढ्यावरनं ठरत नाही, त्यासाठी तडकलेल्या जागेचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढून मायक्रोस्कोपखाली थर बघतात. आणि फेट्याचा गुलाबी वनस्पतीचा किंवा किड्याचा रंग असेल तर एक्सआरएफला तो कळतच नाही, तिथं दुसऱ्या तपासण्या लागतात.

राहता राहिले काका. सगळं जुनं निघालं तरी एवढंच ठरेल की चित्र १९१२ चं असू शकतं. तेच रंग तेव्हा कोल्हापुरात दुसरेही चित्रकार वापरत होते की, त्यामुळं चित्र आबालालांचंच आहे हे रंग सांगणार नाही, त्यासाठी त्यांच्या खात्रीच्या चित्रांशी ब्रश फिरवायची धाटणी जुळते का ते बघावं लागेल. तपासणी तुम्ही स्वतः करून घ्या, गिऱ्हाइकाच्या माणसाकडनं नको, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारा. आणि काकांना म्हणावं जुनी ट्रंक उघडा, एखादी पावती नाहीतर पत्र निघालं तर काम अर्धं हलकं होईल.