उपयोजित नीतिशास्त्रात एम. ए. करण्यात अर्थ आहे का? नीतिमत्ता तर घरातच शिकतो ना आपण?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मी माझ्या थोरल्या भावाकडून इतकी वर्षं ऐकत आलेय, की लिहिल्याशिवाय राहवेना. दादा डॉक्टर आहे. मी तत्त्वज्ञानात एम. ए. करताना हा विषय घेतला, तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: चांगलं वागायला परीक्षा कशाला द्यावी लागते?

नाहीच लागत. पण त्या वर्गात चांगलं वागायला शिकवतच नाहीत. सगळी माणसं भली असूनही एखाद्यावर अन्याय होऊ शकतो, तो नेमका कुठे होतो हे शोधायला शिकवतात. अरुणा शानबाग ही मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका, हल्ल्यानंतर अनेक दशकं भान हरपून पडून राहिलेली; तिच्या खटल्यावर आमचे कितीतरी तास गेले. तिचं अन्नपाणी थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणींनी याचिका केली ती अरुणाच्या कळवळ्यानेच, आणि तिची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला तोही तिच्या मायेनेच. २०११ साली न्यायालयाने याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याची, वाट मोकळी केली. सरांची अट होती की प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू मांडायची. घरात हे कोण करून घेतं?

पुढे मी एका वैद्यकीय संस्थेच्या नीतिमत्ता समितीवर गेले; माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव ती तपासते. अशा समितीत निम्मे सदस्य बाहेरचे लागतात, त्यातली मी एक. एकदा आश्रमशाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या वेगळ्या मात्रेत देऊन पाहण्याचा प्रस्ताव आला. संशोधक तळमळीचा माणूस, हेतूबद्दल शंकाच नको. संमतीचा कागद उघडला तर मुलींच्या नावांची यादी, आणि सगळ्या यादीखाली सहीची एकच रेघ: मुख्याध्यापक, शिक्क्यासह. आईबापांसाठी रकानाच नव्हता.

मला लगेच तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं खम्मम आठवलं. २००९ साली तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प झाला होता. त्यातल्या आंध्रमधल्या तपासलेल्या ९५४३ संमतिपत्रांपैकी २७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या, हे संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात नोंदलेलं आहे. हे मी वर्गात वाचलं होतं, म्हणून ती रेघ मला खटकली. बाकीच्यांना ती सोय वाटली. "मुख्याध्यापक पालकांसारखेच की," एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. मी अडून बसले. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती हवी, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःला विचारायचं, आणि बारा पूर्ण झाली की त्याचा होकार लेखी घ्यायचा. संशोधक म्हणाला, पालक डोंगरात राहतात, सापडायचे कधी? दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पोरींना सोडायला येतात ना, तेव्हा! काम लांबलं, आणि तो माझ्यावर नाराज झाला तो झालाच.

पालक आले, तेव्हा एका आईने सांगितलं की पोरीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, अनेकदा रक्त चढवलंय. वारंवार रक्त चढवलं की शरीरात लोह साठतं, अशा मुलीला वरून गोळ्या देणं धोक्याचं. तिला वगळलं. शाळेच्या नोंदीत यातलं काहीही नव्हतं.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, हे आधीच्या तपासणीत कळायला हवं होतं, यात तुझं नीतिशास्त्र कुठे आलं? त्याचं एवढं बरोबर आहे. पण त्याच दिवशी काही पालकांनी गोळ्यांना सरळ नकार दिला आणि कारणही सांगितलं नाही. माझ्या लेखी ती गोष्ट मोठी आहे. त्यांच्या मुलींना काही आजार नव्हता. त्यांना नाही म्हणायचं होतं, आणि पहिल्या कागदावर नाही म्हणायला जागाच नव्हती. आजार पकडला जावा म्हणून संमती घेत नाहीत, दादा. लेकरू त्यांचं आहे म्हणून घेतात.

आता नोकरीचं. नेट देऊन प्राध्यापकी आहे, पण तत्त्वज्ञानाच्या जागा फार थोड्या निघतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे, त्यामुळे क्लासेसमध्ये शिकवायचं काम मिळतं. पण तो पेपर म्हणजे हा विषय नव्हे. प्रवेश घेण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, वर्गात खरी प्रकरणं वाचतात की नुसते कांट आणि मिल या तत्त्वज्ञांवरच्या नोट्स उतरवून घेतात. नोट्सच असतील तर जाऊ नका.

एक सांगायचं राहिलं. खम्ममच्या प्रकरणात काही मुली दगावल्या होत्या, पण ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, आणि ती लस चांगली आहे, मुलींना जरूर द्या. माझा आक्षेप सह्यांवर आहे.

आणि समितीचं मानधन बैठकीपुरतंच असतं, त्यावर घर चालत नाही. जमत असेल तर आधी कायद्याची पदवी घ्या आणि मग इकडे या. प्रत्येक समितीला कायदा जाणणारा सदस्य लागतोच, आणि तो नीतिशास्त्रही शिकलेला असला तर कागद दोनदा वाचतो.