पन्नास पौंड दिले तरी नाही म्हणणाऱ्या बापाला

पत्र आलंय इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरमधून, लाँगबोर्नच्या बेनेटसाहेबांचं. हो तेच, जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ कादंबरीतले. थोडक्यात असं:

“ताई, स.न.वि.वि. मला पाच मुली. धाकटी लिडिया, वय १६, ब्रायटनहून विकम नावाच्या फौजी अधिकाऱ्याबरोबर पळून गेली. लंडनभर शोधलं, सापडले नाहीत, आता मेव्हणा शोधतोय. बायको वरच्या खोलीत बसलीये, खाली यायचं नाव नाही. दुसरी मुलगी लिझीने मे महिन्यातच बजावलं होतं, हिला पाठवू नका. चूक माझीच, पण हे वाटणं फार दिवस टिकणार नाही हेही मला माहितीये. असो, आता शहाणा झालोय. चौथी मुलगी किटीला सांगितलंय, अधिकारी घरात येणार नाहीत, बॉलडान्स बंद, आणि रोज दहा मिनिटं अक्कलहुशारीने घालवल्याचं दाखवल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. ती रडायला लागली तेव्हा म्हटलं, दहा वर्षं नीट वागलीस तर फौजेची परेड दाखवीन. बायकोला खाली कसं आणू?”

बेनेटसाहेब,

बायकोचं सोडा, लिडियाच्या लग्नाची बातमी आली की त्या आपणहून जिना उतरतील.

किटी रडायला लागली, हे काय मध्येच लिहून पुढे गेलात? का रडली? तुम्ही मारला टोमणा, तिला तो खराच वाटला, दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. एवढी वाढलेली पोरगी आणि बाप गंमत करतोय का शिक्षा सुनावतोय हे तिला ओळखता येत नाही, कारण तुम्ही कधी धड बोललाच नाहीत तिच्याशी. लिझीला तुमचं बोलणं बरोबर कळतं, तिला तुम्ही जवळ बसवून घेता. किटीला आजवर काय मिळालं, तर देशातल्या सगळ्यात मूर्ख पोरींपैकी एक ही पदवी, तीही लिडियाबरोबर वाटून.

बरं तिचा गुन्हा काय? लिडियाने पत्रातून कळवलेलं गुपित हिने फोडलं नाही. सांगणार कुणाला होती हो? आई फौजेचा लाल कोट दिसला की हरखते, आणि तुम्ही हसला असता. ब्रायटनचं आमंत्रण आलं तेव्हाही ती रडली होती, मी दोन वर्षांनी मोठी मग मला का नाही म्हणून, आणि तुम्ही लिडियाला जाऊ दिलंत ते कशासाठी, तर ती गेली नाही तर घरात शांतता मिळणार नाही!! म्हणजे धाकटीला सोडलंत ते स्वतःच्या सोयीसाठी, आणि भोगायचं किटीने.

तुमची मेव्हणी, फिलिप्सबाई (त्यांच्यामुळे शेजारच्या मेरिटन गावात काही लपून राहत नाही), सांगत होत्या की किटी म्हणाली, मी ब्रायटनला गेले तर लिडियापेक्षा बरी वागेन, त्यावर तुम्ही म्हणालात, पन्नास पौंड दिले तरी ब्रायटनच्या अलीकडे ईस्टबोर्नपर्यंतसुद्धा पाठवणार नाही. अहो, लिडियाच्या मागेमागे फिरणारी पोरगी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बोलली! तुम्हाला ऐकूच आलं नाही, वाक्य सुचलं होतं ना.

पश्चात्तापाचं मला सांगू नका. टिकणार नाही असं तुम्हीच लिहिलंय आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

करायचं एकच. ती रोजची दहा मिनिटं तुम्ही द्यायची. आजपासून, लायब्ररीत, समोर खुर्ची टाकून, किटीला एकटीला. लिझीला मध्ये घ्यायचं नाही. टोमणा सुचला तर गिळायचा. सुरुवातीला ती अवघडून बसेल, खोकेलसुद्धा, तेव्हा मागे म्हणालात तसं हिला खोकायची वेळ कळत नाही असलं काही बोलू नका, पाणी द्या, आणि मग विचारा लिडियाच्या पत्रात नेमकं काय होतं ते, झापायला नव्हे, खरंच माहिती हवीये म्हणून. सगळं लंडन पालथं घालून आलात, तिला कधी निवांत विचारलंत का?