विहारचं पाणी आलं, गटारांचं काय?

‘1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं आणि पटकी (कॉलरा) हटली, असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का? जुन्या फायली मागितल्या की परत पाठवतात,’ हा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. बहुतेक त्याच खिडकीसमोरच्या बाकावर मीही बसलोय.

नाही चालणार. विहारचं धरण, त्याची योजना आखणारा इंजिनिअर कॉनिबेअर वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. पाणी शहरात आणलं, पण वापरलेलं बाहेर न्यायची धड सोय केली नाही, ही खरी गोम. 1864 च्या गणतीत मुंबई 8,16,562 माणसांची. कापसाच्या तेजीने फुगलेली. दोन घरांच्या मधल्या हाउसगल्लीतून हलालखोर, म्हणजे सफाई कामगार, मैल्याच्या टोपल्या काढत, तिथेच उघडं गटार तुंबलेलं, आणि आता त्यात नळाच्या पाण्याची भर. डॉ. लीथ यांचा मुंबईच्या आरोग्यस्थितीवरचा 1864 चा अहवाल आधी वाचा, विहार नंतर.

मला हे फार उशिरा उमगलं, ते एका कार्यालयाच्या कृपेने. नाव घेत नाही, अजून तिथे काम पडतं. अर्जात मी ‘पाणी व गटारे’ लिहिलं होतं. कारकुनाने ‘गटारे’वर लाल रेघ मारली: ‘तो दुसरा विभाग.’ दुसरा विभाग म्हणे, पाणीखात्याचं पत्र आणा. पाणीखातं म्हणे, असं पत्र आम्ही देत नसतो! हाती आल्या त्या पाण्याच्या फायली, त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं आणि नंतर फाडलं. म्हणून सांगतो, दोन विषयांचे दोन अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हा माझा अनुभव. तुम्हाला भला माणूस भेटलाही असेल.

मृत्यूचे आकडे जपून वापरा. कारण बहुधा नातेवाईक सांगतील तेच लिहिलं जाई, त्यामुळे साधे जुलाब आणि पटकी यांची सरमिसळ धरूनच चाला. आणखी एक, मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, पण लीथ किंवा 1865 पासूनचे आरोग्य अधिकारी डॉ. ह्युलेट रोग दुर्गंधीतून होतो असं समजून तिच्यामागे लागलेले दिसतात म्हणून त्यांची टर उडवू नका. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला तो 1884 मध्ये. ही मंडळी वास हुंगत गेली, पण पोचली गटारापाशीच.

फायली मिळेपर्यंत मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरचे छापील वार्षिक अहवाल नेटवर शोधा. त्यांना कुणा साहेबाची सही लागत नाही.