टॅलीचे व्हिडिओ करताना आधी आवाज सांभाळ

भावा, मराठीतून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर व्हिडिओ करून शिकवायला घेतलंस, लई चांगलं केलंस. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बिलं करणाऱ्या पोरांना याची खरंच गरज आहे. फक्त तिथं दिवसा रेकॉर्डिंग करू नकोस, लेथचा आवाज माईकमध्ये घुसतो. रात्री पंखा बंद करून बस. सुरुवातीचे 4-5 सेकंद काही बोलू नकोस. ऑडॅसिटी या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरला त्या शांततेतूनच खोलीची घरघर ओळखता येते. त्यातलं नॉइज रिडक्शन (घरघर कमी करायची सोय) मात्र बेतानंच लाव, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

बोलायचा क्रम महत्त्वाचा. आधी सांग, "आता एफ8 दाबतोय, सेल्स व्हाउचर, म्हणजे विक्रीची नोंद, उघडेल", मग क्षणभर थांबून दाब. तू झरझर कंट्रोल ए दाबून एन्ट्री सेव्ह केलीस, तर शिकणाऱ्याला काय घडलं तेच कळत नाही. माझ्या मते निम्मे व्हिडिओ इथंच फसतात.

ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल एमकेव्ही प्रकारात ठेव. मध्येच लाईट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. नंतर तिथंच रिमक्स करून (फाईलचा प्रकार बदलून) तिची एमपी4 होते. लोक मोबाईलवर बघणार, म्हणून अक्षरं मोठी दिसायला विंडोजचं स्केल 150 टक्के कर.

आणि व्हिडिओत टॅलीमधली गिऱ्हाईकाची खरी कंपनी, म्हणजे त्याचे हिशेब, कधीही उघडू नकोस. खोटी नावं घालून डेमो कंपनी आजच बनव.