फुलदाणीपाशी : शिंपले, गोट्या आणि मान टाकलेला गुलाब

ताई, काचेची उंच फुलदाणी घेतली. आतले नुसते देठ दिसायला नको म्हणून तळाशी शिंपले आणि संगमरवराचे पांढरे खडे भरले. पाण्यात साखर, लिंबू आणि थोडं ब्लीचही घातलं. तरी तिसऱ्याच दिवशी पाणी गढूळ आणि सगळ्या गुलाबांनी माना टाकलेल्या. कुठे चुकलं?
*— काचेची हौस असलेली वाचक*

चुकलं ते खड्यांत आणि शिंपल्यांत. तुम्हांला बोल लावायला मला तोंड नाही, कारण हीच चूक मी सहा फुलदाण्यांत एकदम केली आहे, तीही भरल्या व्यासपीठावर. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, ‘फुलं कालची का?’ तेव्हापासून शिंपले माझ्या सामानातून कायमचे बाद.

पाण्यात लिंबू घालतो ते आम्लासाठी. किंचित आंबट पाणी, म्हणजे ज्याचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप) साधारण ३.५ ते ५ आहे असं, देठातून सहज वर चढतं आणि त्यात जंतूही सावकाश वाढतात. शिंपला काय किंवा संगमरवर काय, दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचं आम्ल त्यांच्यावरच खर्ची पडतं. आम्ल गेलं की ब्लीचचा चिमूटभर अंश किती पुरणार? मागे उरते साखर, आणि तिच्यावर जंतूंची चंगळ होते. तेच जंतू देठाच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरतात आणि पाण्याची वाट बंद करतात. फुलदाणी काठोकाठ भरलेली आणि फूल तहानलेलं, असा प्रकार.

हातातला खडा कसला आहे हे कळत नसेल तर तो खिळ्याने थोडा खरवडा आणि त्या पांढऱ्या भुकटीवर लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, कानाजवळ धरल्यावर चुरचुर ऐकू आली, तर तो खडा फुलदाणीत नको. गारगोटीवर थेंब तसाच पडून राहतो. काचेची गोटीही तशीच निर्विकार. भरायचं तर हे दोन भरा. रंगवलेले खडे आधी रात्रभर पांढऱ्या वाटीत भिजत ठेवा, सकाळी पाणी रंगलेलं दिसलं तर आशा सोडा.

गोट्या भरल्या की एक हिशेब बदलतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १ लिटरची फुलदाणी गोट्यांनी पूर्ण भरली तर तिच्यात पाणी जेमतेम ४०० मिलीच्या आसपास मावतं. म्हणजे मिश्रणाचं माप फुलदाणीवरून नाही, ओतलेल्या पाण्यावरून धरायचं, आणि पाणी रोज बघायचं. भरलेल्या गोट्यांत देठ खुपसत बसू नका, ताजा काप चुरडतो. एका हाताने जुडी हवी तशी धरा आणि दुसऱ्या हाताने सभोवती गोट्या हलकेच सोडत जा. दर दोन दिवसांनी पाणी बदलताना गोट्याही साबणाने धुवायच्या. त्याचा कंटाळा असेल तर भरूच नका, मी तरी घरी भरत नाही.

मिश्रणाचं माझं माप असं: १ लिटर कोमट पाण्याला १ चमचा साखर, २ चमचे लिंबाचा रस, पाव चमचा बिनवासाचं साधं ब्लीच. ब्लीच आधी पाण्यात ढवळून घ्या, मग लिंबू घाला. दोन्ही नुसते एकमेकांत कधीही ओतू नका, क्लोरिनचा विषारी वायू सुटतो. आणि धातूच्या भांड्यात हे मिश्रण नको, आम्ल धातू खातं.

मग लिंबाच्या चकत्याच फुलदाणीत रचल्या तर? फोटोंत फार सुरेख दिसतात. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी कसे?

फोटो काढून झाल्यावर पुढे त्या चकत्यांचं काय होतं ते फोटोत दिसत नाही. कापलेलं फळ सडतं, गर सुटतो, पाणी धुरकट होतं. तरीही करायचंच असेल तर दोन भांड्यांची युक्ती करा. मोठ्या काचेच्या भांड्यात एक लहान, उंच पेला उभा करा. फुलं आणि स्वच्छ पाणी पेल्यात, चकत्या दोघांच्या मधल्या फटीत. बाहेरून एकच भांडं वाटतं आणि फुलाला त्या चकत्यांची खबरही लागत नाही. या फटीत तुमचे शिंपलेसुद्धा चालतील. वाळूही इथेच भरावी, फुलाच्या पाण्यात घातली तर तिचे कण देठाच्या तोंडाशी जाऊन बसतात.

फुगणाऱ्या मण्यांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. ते दिसतात गोळ्या-चॉकलेटांसारखे. लहान मुलाने गिळला तर पोटात गेल्यावरही तो पाणी शोषून फुगतच राहतो, आतडं तुंबतं आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. घरात लहान मूल असेल, किंवा येणार-जाणार असेल, तर ते मणी आणूच नका.

पाण्यात तांब्याचं नाणं किंवा ॲस्पिरिनची गोळी टाकली की फुलं टिकतात म्हणे?

नाणं पाण्यात इतकं कमी विरघळतं की जंतूंना त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय बरीच नाणी वरून तांब्याची आणि आतून दुसऱ्याच धातूची असतात. ॲस्पिरिनने पाणी थोडं आंबट होतं, बाकी काही नाही. ती गोळी डोकेदुखीसाठी ठेवा.

गुलाब अजून अर्धाच उमललेला आणि मान खाली. जरबेऱ्याचंही तेच. वाचवता येतो का?

गुलाब बहुतेकदा येतो. कापल्यानंतर देठ उघड्यावर राहिला की त्याच्या केसासारख्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि पाणी त्याच्यापुढे सरकत नाही. एक पसरट भांडं पाण्याने भरा, देठ त्यात बुडवा आणि पाण्याखालीच धारदार सुरीने खालचा २-३ सेंटीमीटर तुकडा तिरका कापा. तिरका अशासाठी की देठ भांड्याच्या तळाला सपाट चिकटून बसू नये. बोथट कात्री नको, ती देठ कापण्याऐवजी चिमटते. मग फूल वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं, मान सरळ राहील असं, आणि गळ्यापर्यंत कोमट पाण्यात उभं करून दोन-तीन तास त्याकडे बघायचं नाही. मी दर दहा मिनिटांनी कागद उघडून पाहायचे, तेव्हा एकही गुलाब सरळ झाला नाही. कागद पुन्हा गुंडाळताना मान दर वेळी वाकायची, दुसरं काय!

जरबेऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा देठ लवदार आणि वरच्या भागात पोकळ असतो. खोल पाण्यात तो लवकर कुजतो, म्हणून त्याला ५-७ सेंटीमीटरच पाणी द्या आणि भांडं घासूनपुसून घ्या. गुलाबाबरोबर एकाच फुलदाणीत दोघांची सोय होत नाही. एकाला बुडायचं असतं, दुसऱ्याला नुसते पाय भिजवायचे असतात.

पाण्याखाली येणारी पानं सगळ्याच फुलांची खुडा. बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

फुलं खोचायच्या हिरव्या स्पंजात केलेली रचना दुसऱ्याच दिवशी सुकते. स्पंज तर नीट दाबून भिजवला होता.

दाबला म्हणूनच सुकली. हा स्पंज पाण्यावर नुसता ठेवायचा आणि तो आपला आपण बुडेपर्यंत थांबायचं. वरून दाबलात की बाहेरून ओला आणि पोटात कोरडा राहतो, देठाचं टोक नेमकं त्या कोरड्या पोटात जातं. देठ खोचल्यावर वर ओढूही नका, टोकाखाली पोकळी राहते. जागा बदलायची तर पूर्ण काढून दुसरं भोक करा. एकदा सुकलेला स्पंज पुन्हा नीट भिजत नाही.

खरं सांगायचं तर मी तो वापरणं सोडलं आहे. तो मुळात प्लास्टिक आहे, कुजत नाही, बोटांत चुरा होतो आणि तो चुरा मोरीतून पुढे जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी घातली. त्याऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा सैल गोळा करून भांड्यात बसवा, किंवा भांड्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून चौकटी करा. पसरट भांड्यासाठी जपानी पुष्परचनेतलं केन्झान सर्वांत छान. जड बैठकीवर उभ्या पितळी सुया असतात, देठ त्यांवर रोवायचा. वर्षानुवर्षं टिकतं. फक्त धुताना बोटं सांभाळा.

लिलीच्या परागांनी पांढऱ्या टेबलक्लॉथवर डाग पडला. पुसला तर आणखी पसरला.

पाणी लावू नका, चोळू नका. कोरड्या डागावर चिकटपट्टी हलकेच टेकवून उचलत राहा. पुढच्या वेळी कळी उमलताच आतले परागकोश चिमटीने काढून टाका. घरात मांजर असेल तर मात्र लिली आणूच नका. तिची पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

कार्नेशन आणि शेवंती एकाच दिवशी आणली, एकाच टेबलावर ठेवली. कार्नेशन चार दिवसांत मिटली, शेवंती ताजीतवानी. कार्नेशनच शिळी होती का?

टेबलावर फळांची टोपली आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला ती दिसते आहे. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. पाकळ्या आत वळतात, फूल डोळे मिटून पेंगल्यासारखं दिसतं. शेवंतीला त्या वायूचं फारसं सोयरसुतक नसतं. टोपली दुसऱ्या खोलीत हलवा. फ्रीजमध्ये फुलं ठेवण्याची सवय असेल तर तिथेही फळांचा शेजार नको. मिटलेलं कार्नेशन पुन्हा उघडत नाही. ते लगेच काढून टाका, कारण कोमेजणारं फूलही तोच वायू सोडतं आणि शेजारच्याला सोबत घेऊन जातं.