सिनसिनाटीत बाहेर जेवायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की तीन महिने कामासाठी अमेरिकेतल्या सिनसिनाटीला जाताय, तुम्हाला काहीच वर्ज्य नाही, पण पत्नी शाकाहारी आहे, तर बाहेर खायचं कुठे? मी इथे नऊ वर्षं राहतोय. माझं ऐकाल तर पहिल्याच आठवड्यात दोघंही चिली पार्लरमध्ये जा. नदीकाठची महागडी हॉटेलं मागाहून बघता येतील.

चिली म्हटल्यावर मिरची डोळ्यांसमोर येते, पण ही तिखट नसते. बीफचा अगदी बारीक, पातळसर रस्सा आणि त्याला दालचिनी, लवंग, ऑलस्पाइसचा वास. तो स्पॅगेटीवर ओततात आणि वर किसलेल्या चेडरचा ढीग रचतात. हे झालं थ्री-वे. कांदा किंवा राजमा घातला की फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. काट्यावर शेवया गुंडाळू नका, काट्याच्या कडेने वडीसारखे तुकडे पाडून खा, म्हणजे प्रत्येक घासात सगळे थर येतात. आमच्या घरी खिम्याला दालचिनी पडायचीच, त्यामुळे मला हा पदार्थ पहिल्या दिवसापासून आपला वाटला. बरोबरच्या टेक्सासच्या सहकाऱ्याला मात्र तो गोडसर मसाला अजून पटलेला नाही.

याची सुरुवात मॅसेडोनियातून आलेल्या किराजीफ बंधूंनी 1922 मध्ये एम्प्रेस नावाच्या थिएटरशेजारी केली. 1949 मध्ये निकोलस लँब्रिनिडीस या ग्रीक गृहस्थांनी स्कायलाइन हे चिली पार्लर काढलं, आणि आज त्याच्या शाखा शहरभर आहेत. 1940 पासून चालणारं कॅम्प वॉशिंग्टन चिली मला जास्त आवडतं. पण पत्नी सोबत असतील तेव्हा स्कायलाइनच गाठा, कारण तिथे मांसाऐवजी काळा घेवडा आणि भात घातलेलं थ्री-वे मिळतं. कांदा वाढवून मागा, टेबलावरचं हॉट सॉस सढळ हाताने घ्या. मेन्यूत नाव दिसलं नाही तरी विचारा.

शनिवारी सकाळी ओव्हर-द-ऱ्हाइन भागातल्या फिंडली मार्केटला जा. एकोणिसाव्या शतकापासून भरणारा बाजार आहे. या भागात जर्मन लोकांची वस्ती होती, त्यांचा गेटा तुम्ही जरूर चाखा: मांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात जाडे ओट्स घालून शिजवतात, थापून वड्या पाडतात आणि कडा कुरकुरीत होईपर्यंत परततात. त्यात डुकराचं मांस असतं, तेव्हा ही गोष्ट पत्नीसाठी नाही.

घरच्या स्वयंपाकासाठी फेअरफील्डचं जंगल जिम्स हे प्रचंड दुकान आहे, तिथे भारतीय डाळी-मसाले मिळतात. भारतीय जेवणासाठी क्लिफ्टनमधल्या लडलो अव्हेन्यूवर चक्कर मारा. जिथे वेटर टेबलाशी येऊन वाढतो तिथे बिलावर 18 ते 20 टक्के टिप धरूनच हिशेब करा.

आणि ग्रेटर्सचं आइस्क्रीम. 1870 पासूनची कंपनी, अजूनही छोट्या भांड्यांतून आइस्क्रीम घुसळते. पातळ चॉकलेट आत ओतून गोठलं की फोडतात, म्हणून ब्लॅक रास्पबेरी चिपमध्ये चॉकलेटचे मोठाले खडे लागतात. त्यात अंडं असतं, पत्नीला चालतं का ते आधी विचारून घ्या.