स्वॉटचे चारही चौकोन भरतात, पण निर्णय विचारला की वर्ग गप्प!

प्रश्न : सर, मी यंदा पहिल्यांदाच बिझनेसच्या शेवटच्या वर्षाला स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट शिकवतेय. स्वॉट (कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके मांडायचा चार चौकोनी तक्ता), फाइव्ह फोर्सेस (धंद्यावर स्पर्धेचा दाब कुठून येतो ते पाहायच्या पाच बाजू) मुलांना तोंडपाठ आहे, पण कुठलीही कंपनी द्या, स्ट्रेंथमध्ये ‘चांगला ब्रँड’ आणि थ्रेटमध्ये ‘वाढती स्पर्धा’ हेच लिहून आणतात, आणि मग कंपनीने करावं काय असं विचारलं की सगळे गप्प. माझंच शिकवणं कमी पडतंय का?

उत्तर : मॅडम, अजिबात नाही, आणि मुलंही आळशी नाहीयेत. बघा ना, आतापर्यंत अकाउंट्स वेगळं शिकले, मार्केटिंग वेगळं, एचआर वेगळं, ताळेबंद जुळला की उत्तर बरोबर, आणि आता अचानक हे सगळं एकाच प्रश्नात येतं आणि बरोबर उत्तर असं काही नसतंच. वर ‘पैसे कमी आहेत, दोन्ही जमणार नाही, काय सोडायचं’ हे कंपनीच्या खुर्चीत बसून त्यांनी कधी ठरवलेलंच नाही. माझ्या मते तोच या विषयाचा जीव आहे.

म्हणून मी क्रमच उलटा केला, आधी निर्णय आणि स्वॉटसारखं फ्रेमवर्क नंतर. साउथवेस्ट एअरलाइन्स घ्या. 1971 मध्ये टेक्सासमध्ये उड्डाणं सुरू केली, 1972 मध्ये चार विमानं होती आणि पैशांची इतकी ओढाताण की त्यातलं एक विकावं लागलं. इथेच थांबायचं, पुढचं पान मुलांच्या हातात द्यायचंच नाही. तीन विमानं उरलीत, तुम्ही काय कराल? बरेच जण फेऱ्या कमी करा म्हणतात, कुणी तिकीट वाढवा म्हणतं, सगळं फळ्यावर लिहायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, यात तुमच्या हातातून काय जातंय? मग सांगायचं की कंपनीने वेळापत्रक जवळपास तसंच ठेवलं आणि विमान गेटला लागलं की दहा मिनिटांत परत निघेल असं काम बसवलं. आता दहा मिनिटांत निघायचं तर जेवणाच्या ट्रॉल्या चढवत बसता येत नाही, सीट नंबर वाटत बसायला वेळ नाही (कित्येक दशकं तिथे सीट नंबर नव्हतेच), विमानं एकाच प्रकारची असली तर बरं, म्हणजे एक गोष्ट धरली की चार सोडाव्या लागतात. नुसतं स्वस्त तिकीट कॉपी करणारी दुसरी कंपनी कुठे अडकेल हे मग मुलं स्वतःच सांगायला लागतात, मला तो क्षण फार आवडतो.

एक काळजी घ्या, शेवट आधी कळला की सगळेच शहाणे होतात. कॅमेऱ्याच्या फिल्मवर मोठी झालेली आणि 2012 मध्ये दिवाळखोरीत गेलेली कोडॅक म्हटलं की मुलं हमखास ‘कंपनी झोपली होती’ म्हणणार. पण डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला होता, फोटो ब्लॅक अँड व्हाइट, फक्त 0.01 मेगापिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. ती दिवाळखोरी विसरा म्हणावं, फिल्मवर बक्कळ नफा सुरू असताना तुम्ही या खोक्यात किती पैसे घातले असते? या प्रश्नावर वर्गात खरोखर भांडणं होतात.

स्वॉट टाकून देऊ नका, फक्त एक नियम लावा, जे वाक्य दुसऱ्या कंपनीलाही जसंच्या तसं चालेल ते खोडायचं, आणि जे उरेल त्याच्यापुढे ‘म्हणून काय?’ याचं उत्तर लिहायचं. पहिल्यांदा निम्मा कागद रिकामा होतो, होऊ द्या.

मार्कांचं पण आधीच सांगून टाका, की तुमचा निर्णय कंपनीने घेतलेल्या निर्णयाशी जुळला म्हणून मार्क मिळणार नाहीत. काय सोडलं, का सोडलं आणि काय घडलं तर तुम्ही मत बदलाल, मार्क या तीन गोष्टींना. सुरुवातीचे दोन-तीन तास वर्ग शांतच बसेल, त्या शांततेत घाईने स्वतः उत्तर देऊन टाकू नका, कुणीतरी बोलतंच.